घर विकण्याआधी ट्रंक उघडावी : चाळ, पागडी आणि भाडेपावतीचा इतिहास

#थ्रेड

१/ गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागातील जुनी खोली विकायची ठरली, की आधी रंगारी बोलावला जातो आणि पाठोपाठ रद्दीवाला. भिंतींना रंग लागतो, पोटमाळा मोकळा होतो, खोली मोठी दिसावी म्हणून सामान बाहेर जाते. या भागाचा इतिहास पाहिला तर हा क्रम उलटा आहे. येथे खोलीची किंमत भिंतींपेक्षा पलंगाखालच्या ट्रंकेतील कागदांत होती.

२/ गिऱ्हाईक येण्यापूर्वी घर सजवून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय अमेरिकेत १९७० च्या दशकात आकाराला आला. तेथे विकणारा घराचा मालक असतो आणि घेणारा भिंती, छप्पर व जमीन विकत घेतो. त्यामुळे रंगरंगोटीला मोल येते. मुंबईच्या चाळीत विकणारा बहुधा मालक नसतोच. मग तो नेमके काय विकतो?

३/ उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी ही त्याची निर्मिती. एक खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामायिक.

४/ सरकारी चाळींच्या जोडीला खासगी मालकांच्या शेकडो चाळी होत्या. लालबाग-परळमध्ये गिरणी कामगार, तर गिरगाव-दादरमध्ये कारकून, शिक्षक, छापखान्यातील नोकरदार. दोहोंचा धागा एक : बिऱ्हाड भाड्याचे. दरमहा मालकाचा मेहता येई, भाडे घेई आणि पावती फाडून देई. ही पावती पुढे त्या कुटुंबाची सर्वांत मोठी मिळकत ठरेल, याची कल्पना तेव्हा फारच थोड्यांना असेल.

५/ कलाटणी दिली ती १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. त्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही, अशी तरतूद केली. बाजारातील भाडे वाढत गेले, पावतीवरचा आकडा जवळपास तिथेच राहिला. या दोन आकड्यांतील तफावत हीच भाडेकरूच्या हक्काची किंमत झाली.

६/ या तफावतीचा व्यवहार म्हणजे पागडी. नवा राहणारा जुन्या भाडेकरूला ठोक रक्कम देई, त्यातील ठरलेला वाटा मालकाला मिळे आणि पावतीवरचे नाव बदले. १९४७ च्या कायद्याने मालकाने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरवला होता. व्यवहार थांबले नाहीत, ते कागदाबाहेर गेले. पैशाची नोंद नाही, पण नाव बदललेली पावती मात्र हातात, अशी ही विचित्र बाजारपेठ होती.

७/ या बाजारात खोली ‘तयार’ करणे म्हणजे काय? गोठलेल्या भाड्यामुळे मालक दुरुस्तीला हात लावत नसे, जिने खचत, गॅलऱ्यांना टेकू लागत. तेथे नवा रंग कोणाला फसवणार? जाणता घेणारा विचारी तीन गोष्टी : पावती कोणाच्या नावावर आहे, भाडे थकले आहे का, आणि मालक नाव बदलून देईल का. तयारी असे ती या तीन प्रश्नांची.

८/ रेशनकार्डाचे महत्त्वही येथूनच येते. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाऊ शके, पण ‘सोबत राहत होतो’ हे सिद्ध करावे लागे. मग रेशनकार्ड, विजेचे बिल, शाळेचा दाखला, मतदारयादीतील नाव हे सारे पुरावे झाले. चाळीतील वडीलधारी माणसे जुना कागद फेकू देत नसत, ती केवळ सवय नव्हती. त्यांना कायदा अनुभवाने कळला होता.

९/ १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिने लोटले, पगार नाही. आधी दागिने गेले, मग भांडी, आणि अनेक घरांत शेवटी खोली. कोकण, सातारा, कोल्हापूरकडे परतणाऱ्या कुटुंबांना भाव बघायला सवड नव्हती. मुंबईच्या इतिहासातील ‘घर लवकर विकणे’ याचा सर्वांत कठोर अध्याय हा आहे.

१०/ गावी जाताना न्यायचे काय आणि टाकायचे काय? गिरणीचा लाल पास, तिकीट नंबर, ईएसआयसीचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी : काम संपल्यावर या कागदांना काय अर्थ, असे कोणालाही वाटावे. पण पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधली गेली. म्हाडाने २०१२ मध्ये त्यांची पहिली सोडत काढली आणि पात्रतेसाठी मागितले ते हेच पुरावे.

११/ म्हणजे तीस वर्षांपूर्वी ज्याने पास जपला, त्याच्याकडे हक्काचा आधार होता. ज्याचा पास खोली रिकामी करताना हरवला, त्याला आपण या शहरात राबलो हेच सिद्ध करणे अवघड गेले. आयुष्यभराच्या कामाला पुरावा नसणे, याहून मोठा तोटा कोणत्या सौद्यात होत असेल?

१२/ कायदाही बदलत गेला. गोठवलेले भाडे आता समर्थनीय राहिले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सुनावले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य केली आणि कलम ५६ अन्वये पागडीला कायद्याच्या चौकटीत घेतले. आता मालकाच्या संमतीने रक्कम उघडपणे देता-घेता येते.

१३/ पुनर्विकासाने पावतीचे मोल आणखी वाढवले. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याची योजना आहे. येथे कळीचा शब्द ‘पात्र’. खोली किती नीटनेटकी आहे, हे पात्रता ठरवणारा पाहत नाही, तो कागदांची साखळी सलग आहे का ते पाहतो.

१४/ यावर एक रास्त आक्षेप येईल. चाळीचे गोडवे गाणे सोपे असते, तेथे राहणे नव्हे. एका खोलीत आठ-दहा माणसे, शौचालयासाठी रांग, पावसाळ्यात गळणारे छप्पर. ज्याला विकून मोकळे व्हायचे आहे, त्याला इतिहासाच्या नावाने अडवणे हा अन्याय होईल. आक्षेप मान्य आहे. खोली विकण्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते न वाचता रद्दीत टाकणे.

१५/ कारण त्याच ट्रंकेत शहराचा एक दप्तरखाना असतो. भाडेपावती सांगते मालक कोण होता आणि भाडे किती वर्षे हलले नाही. रेशनकार्ड सांगते एका खोलीत किती तोंडे होती. मनीऑर्डरच्या पावत्या सांगतात, मुंबईच्या पगारातला किती वाटा गावी जात होता. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या आणि भिशीच्या वह्यांत शेजाराचे अर्थकारण दिसते. गिरणीमालकांचा इतिहास कंपन्यांच्या अहवालांत सापडतो. कामगारांचा असा, ट्रंकेत.

१६/ नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन मौखिक इतिहास ग्रंथरूपात आणला. असे काम फार थोड्यांनी केले. माणसे वयोवृद्ध होत आहेत आणि चाळी पाडल्या जात आहेत. प्रत्येक घाईच्या विक्रीबरोबर आणखी एक दप्तर तराजूत जाते आणि किलोच्या भावाने संपते.

१७/ म्हणून क्रम बदलावा. आधी ट्रंक उघडावी. पावत्या वर्षांनुसार लावाव्यात. प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो घ्यावा, मागे कोणाचे नाव, कोणते साल, हे घरातील थोरांना विचारून लिहावे. मूळ पावत्या व्यवहारात घेणाऱ्याकडे जाऊ शकतात, म्हणून प्रती आधीच कराव्यात. खासगी तपशील असलेले कागद समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

१८/ यात विकणाऱ्याचा स्वार्थही साधतो. सलग पावत्या, चुकते केलेले भाडे, वारसांची संमती आणि मालकाचा होकार या चार गोष्टी हाताशी असतील, तर सौदा रंगाविनाही पुढे सरकतो. त्या नसतील, तर सर्वांत सुंदर खोलीही वर्षानुवर्षे अडकते.

१९/ रंगारी बोलावू नये असे नाही. तो ट्रंक वाचून झाल्यावर बोलवावा, आणि रद्दीवाला सर्वांत शेवटी. खोलीची चावी दुसऱ्याच्या हाती जाईल, पावतीवरचे नाव बदलेल. पण त्या नावाने कोण, किती वर्षे, किती भाडे भरून या शहरात राहिले, एवढे तरी पुढच्या पिढीला सांगता आले पाहिजे.

#गिरणगाव #गिरगाव #मुंबईचाइतिहास