एका पोटाचे माप दुसरीला लावू नका



मागच्या पौर्णिमेला आमच्या गोरेगावच्या विहारात वंदना होती. वस्तीतल्या दोन तरुण सुना आल्या होत्या. दोघींनाही सातवा महिना. एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, एकाच गल्लीत राहणाऱ्या, कालपरवापर्यंत एका ताटात जेवणाऱ्या. पण त्या दिवशी एक या भिंतीला टेकून बसली आणि दुसरी त्या भिंतीला. वंदना संपली तरी एकमेकींशी शब्द नाही.

चौकशी केली तेव्हा कळले. एकीची सासू रोज म्हणते, "तिचं पोट पाहा कसं वर आलं, तुझं काहून नाही?" दुसरीची सासू म्हणते, "तिला आंबट लागतं, तिला पोरगंच होईल. तू आपली गोडावर." वर एका म्हातारीने सांगून ठेवले की, दोन पोटुशा बायांनी जवळ बसू नये, एकीची सावली दुसरीवर पडते. झाले! दोन जिवाभावाच्या मैत्रिणी दोन भिंतींना गेल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या घरातला देव्हारा गेला. पण नजर गेली नाही, सावली गेली नाही, हे आपण कधी कबूल करणार? मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजाने ठरते, हे आता शाळेतले लेकरू सांगते. तरी आपण सुनेच्या जिभेची चव तपासत बसतो!

हे सर्व पाहून आम्हाला आमचे दिवस आठवले. ती गोष्ट आजवर आम्ही लिहिली नव्हती. आज लिहितो.

साल १९९८. तेव्हा हिंगोली हा जिल्हा झालेला नव्हता, आपण परभणी जिल्ह्यात होतो. आम्हाला आणि आमच्या मैत्रिणीला एकाच वेळी दिवस गेले. तिचे घर आमच्या घराला लागून, मधे एक कुडाची भिंत. दोघी मिळून निंदायला जायचो, दोघी मिळून पाणी भरायचो. एकीला उलटी झाली की दुसरी पाठ चोळायची. पाचव्या महिन्यात तिचे लेकरू आधी हलले, चार दिवसांनी आमचे. पाय सुजले ते दोघींचे एकाच आठवड्यात. आम्हाला याची मोठी गंमत वाटायची. "तुझं तसं माझं," असे आम्ही दोघी म्हणायचो. विहारात गर्भमंगलही दोघींचे एकाच दिवशी झाले. वस्तीतल्या बायांनी खीर केली होती. इतका आनंद आम्ही पुन्हा कधी पाहिला नाही.

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली तेव्हा तिला नववा लागला होता. एका सकाळी हापशावर ती म्हणाली, "काल दुपारपासून लेकरू गप आहे वं. लाथ मारीना."

आम्ही म्हणालो, "माझं बी कवा कवा दिसभर गपच राहतंय. झोपलं असंल. लई मनावर घेऊ नको."

तिला धीर आला. ती हसली. कळशी उचलली आणि वेचणीला गेली. आम्हीही गेलो. दवाखान्यात जायचे तर काळ्या-पिवळ्या जीपचे भाडे, एका दिवसाची तिची मजुरी आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी, एवढे बुडणार होते. आमच्या एका वाक्याने ते वाचले असे दोघींनाही वाटले.

तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखू लागले. जीप करून नेले. लेकरू पोटातच गेले होते. मुलगी होती.

आदल्या दिवशी नेले असते तर ती वाचलीच असती, असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण न्यायला हवे होते, एवढे खरे. तिने आपल्या पोटातली गोष्ट सांगितली आणि आम्ही आमच्या पोटाचे माप तिला लावले. आमची चूक ती हीच.

दुसरी चूक त्याहून मोठी. पंधरा दिवसांनी आम्ही बाळंत झालो. आत्याबाई म्हणाल्या, "तिच्या समोर लेकरू नेऊ नको. तिच्या जिवाला लागंल, अन् लेकराला बी बरं नाही." आम्ही मान डोलावली. खरे सांगायचे तर आम्हाला तेच हवे होते. तिच्या समोर जायची हिंमत आमच्यात नव्हती. कुडाच्या पलीकडे ती, अलीकडे आम्ही. आमचे लेकरू रडले की आम्ही त्याला घाईने पदराखाली घ्यायचो, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. लेकरू गेले तरी तिला दूध आले होते. छाती दगडासारखी झाली होती, ताप भरला होता. फडके घट्ट बांधून ती एकटी पडून होती. हे आम्हाला फार उशिरा कळले.

मार्गशीर्ष पौर्णिमेला विहारात नामकरण ठेवले. तिला बोलावणे गेले नव्हते. वंदना सुरू झाली आणि ती आली. मागे, चपला काढतात तिथे, उभी राहिली. आमची नजर वर होईना. कार्यक्रम संपल्यावर ती पुढे आली, हात पुढे केले आणि लेकरू घेतले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "लेकरू गेलं ते गेलं. मैत्रीण तर व्हती ना? ती कुठं गेली व्हती दोन महिने?"

याला उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते, आजही नाही.

विहारात आम्ही महाप्रजापती गौतमीची गोष्ट अनेकदा ऐकली होती. ती त्या दिवशी पहिल्यांदा कळली. महामाया आणि प्रजापती या सख्ख्या बहिणी. दोघींची लेकरे थोड्याच दिवसांच्या अंतराने जन्मली, असे पाली अट्ठकथांत सांगितले आहे. म्हणजे दोघी एकाच वेळी गरोदर होत्या. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. प्रजापतीने काय केले? आपला नंद तिने दायांच्या हाती दिला आणि सिद्धार्थाला स्वतःचे दूध पाजले. मेलेल्या बहिणीची सावली आपल्या लेकरावर पडेल असे ती म्हणाली नाही. माझे आणि तिचे असा हिशोब तिने मांडला नाही. जिची ओटी भरली तिने जिची रिकामी झाली तिच्याकडे जायचे असते. आमच्या गोष्टीत उलटे झाले. रिकाम्या ओटीची बाई चालत आली आणि भरल्या ओटीची कुडाआड लपून बसली.

पण बहिणींनो, प्रजापतीकडे राजवाडा होता, दाया होत्या. आपल्याकडे रोजची मजुरी आहे. त्या सकाळी आम्हाला सावलीने अडवले नव्हते, बुडणाऱ्या मजुरीने अडवले होते. ही अडचण बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, आणि त्याचा भार मालकाबरोबर सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचा कारभार पाहताना त्यांनी खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाचाही विचार केला. १९६१ साली देशासाठी कायदा आला. २०१७ पासून पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ती कारखान्यात आणि ऑफिसात. कापूस वेचणारीला, ऊस तोडणारीला, वीटभट्टीवर राबणारीला पगारी रजा आजही नाही. बाबासाहेबांचे ते काम अर्धेच झाले आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

आज जे मिळते ते मात्र सोडू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या लेकरासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. नोंद वेळेवर करावी लागते. आशाताईला तिसऱ्या महिन्याच्या आतच सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, रक्त, बाळंतपण, सिझेरियन झाले तरी तेसुद्धा, फुकट आहे. १०२ नंबरची गाडी फुकट आहे. १९९८ साली आमच्यापाशी हे काहीच नव्हते. तुमच्यापाशी आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात. दोघी असाल तर दोघी मिळून जा. एकीला भीती वाटली तर दुसरी हात धरील. रक्ताच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. एकमेकींना आठवण करा. त्या चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीसोबतही घेऊ नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लाजू नका, विचारा.

पण माप आपापलेच ठेवा. एकीचे पोट मोठे दिसते, एकीचे लहान. एकीचे लेकरू दिवसभर नाचते, एकीचे कमी. आपले लेकरू रोज जसे हलते त्यापेक्षा कमी हलले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी जा. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली, अंगावरून रक्त गेले, तरी तसेच. मैत्रिणीने असे काही सांगितले तर "माझं बी तसंच" हे शब्द तोंडातून काढू नका. "चल, मी येते," एवढेच म्हणा.

आणि एकीचे लेकरू गेले तर दुसरीने लपू नये. तिच्या दारात जावे. काय बोलावे ते सुचणार नाही. न बोलता बसावे. तिला दूध येईल, छाती दुखेल, तेव्हा सिस्टरला सांगून उपाय विचारावा. गेलेल्या लेकराचे नाव तिला काढायचे असेल तर काढू द्यावे. नामकरणाचे बोलावणे तिला द्यावे. यायचे की नाही ते तिला ठरवू द्यावे.

आमच्या मैत्रिणीला पुढे दोन लेकरे झाली. दोन्ही वेळा दवाखान्यात आम्ही सोबत होतो. कुडाची भिंत आता विटांची झाली आहे. तिच्यात आम्ही एक खिडकी ठेवून घेतली आहे.

त्या पौर्णिमेला आम्ही दोन्ही सुनांना जवळ बसवून हे सर्व सांगितले. त्यांच्या सासवाही ऐकत होत्या. येत्या ९ तारखेला दोघी एकाच ऑटोत तपासणीला जाणार आहेत. कार्ड मात्र आपापले.

जयभीम!