टारफुला : शत्रू बांधापलीकडे नाही



ज्वारी गुडघाभर झाली की काही रानांत ती एकाएकी पिवळी पडते. जमिनीत ओल असूनही माना टाकते. मग कुजबूज सुरू होते : कोणीतरी करणी केली, अमक्याची नजर लागली. या कुजबुजीपायी बांधाला बांध लागलेल्या दोन घरांचे बोलणे बंद झालेले आम्ही आपल्याच धर्मग्रामात पाहिले आहे. रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि शांतीच्या अभिवादनाला तोंड फिरवायचे, हे आम्हाला पाहवत नाही.

ही करणी नव्हे, हा टारफुला आहे. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका झाडाला हजारो बिया लागतात. त्या मातीत मिसळून कित्येक वर्षे, कधी दहा वर्षांहूनही अधिक काळ, जिवंत राहतात. नुसत्या पावसाने हे बी उगवत नाही. काही दिवस ओलीत भिजल्यावर अगदी जवळ ज्वारीचे, मक्याचे किंवा उसाचे मूळ आले आणि त्यातून पाझरणाऱ्या रसाची चाहूल लागली, तरच ते जागे होते. मग ते मुळाला चिकटून पिकाचा अन्नरस शोषते. टारफुला जमिनीवर दिसतो तोवर पुष्कळ नुकसान झालेले असते.

बी इतके चिवट असते यात नवल नाही. अमेरिकेतील मिशिगन येथे प्राध्यापक बील यांनी १८७९ साली तणांचे बी वाळूत मिसळून, बाटल्यांत भरून पुरले. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी, त्यांतील एक बाटली उकरली, तेव्हाही काही बी उगवले!

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, "पीक गेलेच, आता भांगलण कशाला?" असे म्हणून रान सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक होय. यंदाचे पीक गेले तरी टारफुला फुलोऱ्यात येण्याआधीच उपटावा. फुले आली असतील तर बांधावर किंवा उकिरड्यावर न टाकता जाळून टाकावा. ज्वारीवर ज्वारी घेऊ नये. कापूस, भुईमूग किंवा चवळीचा बेवड करावा. या पिकांच्या मुळांच्या रसाने टारफुल्याचे बी फसून उगवते आणि आधार न मिळाल्याने मरते. शेणखतही भरपूर घालावे, कारण निकस जमिनीत टारफुला अधिक माजतो.

निदणाच्या दाखल्यात धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. तो धीर माणसांबाबत आहे, टारफुल्याबाबत नव्हे. आपण मात्र उलटे करतो : तणाला मोकळीक देतो आणि शेजाऱ्याला उपटायला धावतो.

पावसाचे पाणी, नांगराचा फाळ आणि जनावरांचे खूर हे बी बांधापलीकडे नेतात. एकट्याने भांगलून भागणार नाही. ती दोन्ही घरे एका सकाळी खुरपी घेऊन एकाच रानात उतरली, तर टारफुल्याबरोबर अबोलाही मुळासकट निघेल.