स्वाक्षरीचे सत्ययुग नावाची दंतकथा

१/ हिवाळ्यात मैदाने ओस पडलेली असतात, तेव्हा अमेरिकेतील बेसबॉल संघ चाहत्यांचे मेळावे भरवतात. शिकागो कब्ज संघाचा मेळावा १९८६पासून भरतो, तर सेंट लुईस कार्डिनल्सचा ‘विंटर वॉर्म-अप’ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. खेळाडू टेबलामागे बसतो. चेंडू, बॅट, टोपी किंवा छायाचित्र हाती घेऊन चाहते रांगेत उभे राहतात. नामांकित खेळाडूच्या रांगेसाठी अनेकदा वेगळे तिकीट असते. त्या तिकिटाविषयी एक उसासा कायम ऐकू येतो : “पूर्वीचे खेळाडू प्रेमाने सही देत. आता सहीचा बाजार झाला.” हा धागा त्या उशाशाविरुद्ध आहे.

२/ बाजार झाला, हे मला मान्यच आहे. ‘पूर्वी’ या शब्दाला मात्र माझा आक्षेप आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा शब्द ऐकताच तीन प्रश्न विचारावेत : पूर्वी म्हणजे केव्हा? कोणासाठी? आणि हे आपल्याला सांगतो कोण? सत्ययुगाची वर्णने बहुधा त्या युगात ज्यांना आत प्रवेश होता, त्यांनीच लिहिलेली असतात. जे दाराबाहेर राहिले, त्यांच्या आठवणींचे संग्रह निघत नाहीत.

३/ प्रथम ‘कोणासाठी’ हा प्रश्न घेऊ, आणि त्यासाठी सेंट लुईस शहरातच जाऊ. तेथील स्पोर्ट्समन्स पार्क या मैदानावर कार्डिनल्स आणि ब्राउन्स असे दोन संघ खेळत. १९४४पर्यंत तेथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या ठरावीक भागातच बसावे लागे. मुख्य प्रेक्षागृहाची तिकिटे त्यांना मिळत नसत. मेजर लीगच्या मैदानांमध्ये ही प्रथा सर्वांत उशिरा सुटली ती येथेच. सामन्यापूर्वी कठड्याजवळ जाऊन खेळाडूपुढे वही धरणारे ते गोजिरवाणे मूल आपण छायाचित्रांत पाहतो. या मैदानावर ते मूल कोणत्या वर्णाचे असणार, हे आसनव्यवस्थेनेच ठरवून टाकले होते.

४/ टेबलाच्या पलीकडची बाजूही पाहा. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. विसाव्या शतकात मेजर लीगची वर्णभिंत त्या दिवशी प्रथम फुटली. कार्डिनल्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू टॉम ॲल्स्टन खेळला तो १९५४मध्ये. म्हणजे ज्या दशकांना आपण ‘निर्मळ स्वाक्षरीचा काळ’ म्हणतो, त्यांतील बहुतेक वर्षे त्या संघाची प्रत्येक स्वाक्षरी वर्णभिंतीच्या एकाच बाजूची होती. ती फुकट मिळे हे खरे. ती सर्वांची होती, हे खरे नव्हे.

५/ आता जॉश गिब्सन. निग्रो लीगमधील हा बलाढ्य फलंदाज जानेवारी १९४७मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५व्या वर्षी वारला. आज त्याची अस्सल स्वाक्षरी अत्यंत दुर्मिळ मानली जाते आणि लिलावात तिला मोठी किंमत येते. बाजार या दुर्मिळतेला ‘मूल्य’ म्हणतो. इतिहासाने तिच्या कारणाची चौकशी केली पाहिजे. अकाली मृत्यू हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की, ज्या खेळाडूंना मोठ्या मैदानांचे दार बंद होते, त्यांच्या वस्तू जपून ठेवाव्यात असे त्या काळातील मोठ्या संस्थांना वाटलेच नाही. आज ज्या टंचाईवर बोली चढते, तिच्या मुळाशी अन्यायाचाही वाटा आहे.

६/ ‘पूर्वीची सही निदान खरी तरी असे’ हा दुसरा समज. तोही तपासू. संघाच्या चेंडूवर साऱ्या खेळाडूंच्या सह्या हव्यात अशा मागण्या शेकड्यांनी येत. तेव्हा क्लबहाऊसमधील सेवकवर्ग नामवंत खेळाडूंच्या वतीने बिनदिक्कत सह्या ठोकत असे. संग्राहकांमध्ये अशा सहीला ‘क्लबहाऊस सही’ असे स्वतंत्र नावच पडले आहे, इतकी ती सार्वत्रिक होती. एखाद्या आजोबांनी अर्धशतक कपाटात जपलेला चेंडू तज्ज्ञाकडे जातो आणि त्यावरचे महानायकाचे नाव एका अनामिक सेवकाने लिहिलेले निघते. त्या निरागस काळातली ही फसवणूकही निरागसच होती, असे म्हणायचे का?

७/ शूलेस जो जॅक्सनची कथा याहून हृद्य आहे. दक्षिण कॅरोलायनातील कापडगिरण्यांत लहानपणीच कामाला लागलेल्या या मुलाला शाळा मिळाली नाही. त्याला लिहितावाचता येत नसे. सहीची अक्षरे तो चित्रासारखी कष्टाने रेखाटी. पुष्कळदा त्याची पत्नी केटी हीच त्याच्या नावाने सही करी. परिणामी त्याच्या स्वतःच्या हातची सही अतिदुर्मिळ ठरली. १९११मधील त्याचे एक स्वाक्षरीत छायाचित्र २०२१मध्ये १४ लाख ७० हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ११ कोटी रुपयांना विकले गेले.

८/ येथे बाजार आणि इतिहास यांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या होतात. केटीने केलेली सही बाजाराच्या लेखी दुय्यम. इतिहासाच्या लेखी तीसुद्धा बोलका दस्तऐवज आहे. गिरणी-वस्तीतील बालमजुरी, निरक्षरता, प्रसिद्धीचे ओझे आणि ते ओझे वाटून घेणारी पत्नी, एवढे सारे त्या एका ओळीत आहे. मोडी कागद हाताळणाऱ्यांना हे नवे नाही. पत्र कारकुनाच्या हातचे असे. त्याला अधिकार येई तो माथ्यावरच्या शिक्क्याने आणि शेवटच्या मोर्तबाने. आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातूनच आला. ‘अक्षर कोणाचे?’ हा आवश्यक प्रश्न आहे, पण तो पहिला प्रश्न आहे, शेवटचा नव्हे.

९/ आता पैशाकडे येऊ. खेळाडू सहीचे पैसे का घेऊ लागले? केवळ लोभाने, असे म्हणणे सोपे आहे. बेसबॉलमध्ये ‘राखीव कलम’ नावाची तरतूद होती. तिच्या आधारे खेळाडू एका संघाला जणू कायमचा बांधला जाई. संघ त्याला विकू शके. तो मात्र स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नसे. डिसेंबर १९७५मधील लवादाच्या निर्णयाने ही बेडी सैल झाली. त्याआधी, १९६७मध्ये, मेजर लीगमधील किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलर होते. खेळाडू-संघटनेच्या १९६८च्या पहिल्या सामूहिक करारानंतर ते १०,००० झाले.

१०/ मिकी मँटल १९५१ ते १९६८ खेळला. त्याच्या पिढीने मैदाने भरून दाखवली आणि त्या गर्दीच्या उत्पन्नातला न्याय्य वाटा मागण्याची सोय होण्यापूर्वीच ती निवृत्त झाली. पुढे १९८०च्या दशकात जुन्या वस्तूंची प्रदर्शने फोफावली, तेव्हा हे वृद्ध खेळाडू टेबलामागे बसून सह्या करू लागले आणि त्यांतील काहींना खेळाच्या दिवसांपेक्षा अधिक पैसा त्यातून मिळाला. याला कोणी अधःपतन म्हणेल. मी याला थकलेल्या मजुरीची उशिरा झालेली वसुली म्हणतो. मालकाने तिकीट विकले तर तो व्यवसाय आणि खेळाडूने सही विकली तर तो बाजार, हा न्याय कोणता?

११/ म्हणून त्या बाजाराचे सारे पाप झाकायचे आहे असे नाही. प्रदर्शनांतला व्यवहार पुष्कळदा रोखीत होई आणि ती रोकड अनेकांनी करखात्यापासून लपवली. १९९०मध्ये पीट रोझने खोटी करविवरणे भरल्याचे कबूल केले आणि तो पाच महिने तुरुंगात राहिला. लपवलेल्या उत्पन्नात स्वाक्षऱ्यांचे पैसेही होते. १९९५मध्ये ड्यूक स्नायडर आणि विली मॅकोव्ही या दोन थोर खेळाडूंनी अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला. मॅकोव्हीला २०१७मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी माफी दिली. पण हा कलंक पैसे घेण्याचा नाही, ते लपवण्याचा आहे.

१२/ याहून मोठे पाप बनावट सह्यांचे. एफबीआयने १९९०च्या दशकात शिकागोत आणि नंतर ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने सॅन डिएगोत तपास करून बनावट स्वाक्षऱ्यांचे मोठे जाळे उघडकीस आणले. टोनी ग्विन, मार्क मॅग्वायर, स्टॅन म्युझियल अशा खेळाडूंनी तपासाला साहाय्य केले. जप्त मालात मदर तेरेसा यांची ‘सही’ असलेला बेसबॉलचा एक चेंडूसुद्धा होता! त्या चेंडूसोबत सत्यतेचे प्रमाणपत्र देणे अवघड नव्हते, कारण प्रमाणपत्रही तेच लोक छापत होते. ज्याचा दस्तऐवज त्याचीच साक्ष, हा कोणत्याही बखरीच्या अभ्यासकाला परिचित असलेला धोका.

१३/ याला उत्तर म्हणून मेजर लीगने २००१पासून प्रमाणीकरणाची नवी पद्धत आणली. तिचे तत्त्व साधे आहे : सही होताना नेमलेला साक्षीदार समोर हवा, मगच वस्तूवर क्रमांकित होलोग्राम चिकटतो. या साक्षीदारांत पोलीस सेवेतील आजी-माजी माणसे पुष्कळ असतात. अक्षरावरून अंदाज बांधण्याऐवजी प्रत्यक्षदर्शी साक्ष घेणे हे पद्धतीच्या दृष्टीने निर्विवाद पुढचे पाऊल आहे. मेळाव्यातली रांग मात्र याहून सोपे काम करते. तेथे साक्षीदार तुम्ही स्वतः असता. क्लबहाऊसच्या सेवकाने केलेली सही तुमच्या माथी मारली जाऊ शकत नाही, कारण लेखणी चालते ती तुमच्या डोळ्यांसमोर.

१४/ म्हणून मी म्हणतो की तिकिटाची रांग हा ऱ्हास नाही. संघ कोणत्या हॉटेलात उतरतो, कोणत्या दाराने बाहेर पडतो, हे ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांना तेथे उभे राहू दिले जात होते, त्यांचे सत्ययुग संपले एवढेच. ज्या शहरात एकेकाळी कातडीच्या रंगावरून आसन ठरे, त्याच शहराच्या मेळाव्यात आज रांग क्रमांकाने चालते. तेथील स्वाक्षरीच्या तिकिटांचा पैसा संघाच्या ‘कार्डिनल्स केअर’ या न्यासामार्फत मुलांसाठीच्या कामांकडे वळवला जातो, हीदेखील विसरण्याजोगी गोष्ट नाही.

१५/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा असा : “तिकीट परवडत नाही त्या मुलाचे काय?” मुद्दा रास्त आहे. पूर्वी रंग आडवा येई, आता दर आडवा येतो. अडसर तो अडसरच. पण त्यावरचा उपाय कल्पित भूतकाळात नाही. काही मेळाव्यांत चिठ्ठ्या टाकून सहीची संधी दिली जाते. मुलांसाठी वेगळी, विनामूल्य रांग ठेवता येते. ही मागणी आजच्या संघांकडे, आजच्या भाषेत करावी. दंतकथेला शरण गेलेला माणूस मागणी करत नाही. तो फक्त हळहळतो, आणि हळहळीने कोणत्याही व्यवस्थापनाची झोप मोडत नाही.

१६/ मग खरोखर काही हरवले आहे का? होय. हरवले आहे ते चाहत्याचे नाव. “अमुक यास सप्रेम” असे लिहिलेल्या वस्तूची किंमत सामान्यतः घटते, कारण पुढच्या खरेदीदाराला त्या अमुकशी देणेघेणे नसते. म्हणून शहाणे लोक सल्ला देतात : “नुसती सही घ्या, नाव घालू देऊ नका.” इतकेच नव्हे, जुन्या चेंडूंवरची अशी नावे खोडून ते लिलावात आणले जातात. एखाद्या ताम्रपटावरून दान घेणाऱ्याचे नाव घासून काढले आणि केवळ राजाचे नाव ठेवले, तर आपण काय म्हणू? येथे मात्र त्याला ‘मूल्यवर्धन’ म्हणतात.

१७/ नाव, तारीख आणि स्थळ असलेली सही सांगते की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, ही दोन माणसे समोरासमोर आली. नुसती सही सांगते की कोणीतरी, कधीतरी, कशावर तरी लिहिले. पहिली भेटीचा पुरावा आहे, दुसरी विक्रीचा माल. होलोग्राम फक्त शाई खरी असल्याचे सांगतो. टेबलाच्या अलीकडे कोण उभे होते, ते किती तास रांगेत होते, कोणासाठी आले होते, यांबद्दल तो मुका आहे. आणि इतिहासातल्या बहुसंख्य माणसांची जागा टेबलाच्या अलीकडेच असते.

१८/ बॉब फेलरचे उदाहरण घ्या. क्लीव्हलंडच्या या गोलंदाजाने मरेपर्यंत इतक्या उदारपणे सह्या दिल्या की बाजारात त्याची सही स्वस्त आहे. याच फेलरने १९४६मध्ये, वर्णभिंत उभी असताना, सॅचेल पेजच्या कृष्णवर्णीय संघाविरुद्ध देशभर प्रदर्शनीय सामन्यांचा दौरा काढला होता. त्या दौऱ्यातल्या एखाद्या गावचे नाव आणि तारीख असलेली, कोणा अनोळखी मुलाच्या नावे केलेली फेलरची सही मिळाली, तर अभ्यासकाने ती कोऱ्या चेंडूवरच्या महागड्या सहीपेक्षा वर ठेवावी. भाव टंचाईचा असतो. अर्थ संदर्भाचा असतो.

१९/ तेव्हा कोणत्याही खेळाच्या मेळाव्यात रांगेत उभे राहाल तेव्हा तिकिटाची लाज बाळगू नका. खेळाडूला आपले नाव सांगा, ते लिहायला सांगा, खाली तारीख आणि गाव घालून घ्या. खेळाडूला तेवढा वेळ नसेल, तर घरी येऊन एका कागदावर स्वतः टिपण करा आणि वस्तूसोबत ठेवा : कोण, कुठे, केव्हा, सोबत कोण होते. विकायला काढाल तर चार पैसे कमी येतील, येऊ द्यात. पन्नास वर्षांनी ती वस्तू ज्याच्या हाती पडेल, त्याला दोन माणसे सापडतील. एक नामांकित आणि एक तुम्ही.

२०/ ‘पूर्वी सगळे चांगले होते’ हे विधान ज्यांना अजूनही करायचे असेल, त्यांनी स्पोर्ट्समन्स पार्कच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या बाकांवर बसून ते करून पाहावे. प्रतिवादाचे स्वागत आहे. मात्र आठवणींसोबत पुरावाही आणावा.