न ऐकूं येणारी थरथर

ध्वनि म्हटला म्हणजे तो ऐकूं यावयाचाच, अशी आपली सहज समजूत असते. परंतु मनुष्याच्या कानाची पोंच सेकंदास सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतच आहे. वीसांच्या खालचीं आंदोलनें कानास कळत नाहींत. यंत्रास मात्र तीं कळतात, व पुष्कळदां बाधतातहि. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळच्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

येथें अकोटांतील एका परिचित कुटुंबांत माळ्यावरच्या जुन्या एल. पी. तबकड्या काढून वाजविण्यास आरंभ झाला. गायन सुरू होण्यापूर्वींच स्पीकरचा कागदी पडदा पुढें-मागें डोलूं लागे. स्वर कंप पावे, आणि आवाज वाढवितांच खडखडे. दुरुस्ती करणाऱ्यानें स्पीकर बदलावयास सांगितलें. तरुण मंडळी तर सारेंच भंगारांत घालण्याच्या गोष्टी बोलूं लागली. वस्तुतः स्पीकर निर्दोष होता. दोष तबकड्यांच्या अंगीं होता, आणि तो आपल्या वऱ्हाडच्या उन्हानें आणलेला होता.

वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. टिनाखालच्या माळ्यावरची उष्णता त्याहून अधिक. अशा जागीं आडव्या रचलेल्या तबकड्या मऊ पडून वांकतात. एल. पी. मिनिटास ३३⅓ फेरे घेते. म्हणजे तिच्यावरील एक उंचवटा दर १.८ सेकंदांनीं सुईखालून जातो. उंचवटे अनेक असले तर कंपनें त्या मानानें वाढतात. सुई व तिचा दांडा ह्यांचें स्वतःचेंहि एक आंदोलन असतें. तें बहुधा सेकंदास दहाच्या आसपास असतें. पाळण्यास नेमक्या वेळीं झोका द्यावा तसें हें आंदोलन तबकडीच्या लहान लाटांनीं व जमिनीवरील पावलांनीं वाढत जातें.

त्यांत आणखी एक भर पडते. तबकडी कोरतांना खर्जाकडील भाग मुद्दाम क्षीण करतात, आणि वाजवितांना तो पुन्हां वाढवितात. १९५४ सालीं ठरलेल्या आर. आय. ए. ए. प्रमाणानुसार १,००० कंपनांच्या मानानें २० कंपनांचा भाग सुमारें नऊपट होतो. त्या वाढींत ही थरथरहि वाढते.

परिणाम असा, कीं ध्वनिवर्धकाची शक्ति अव्यापारेषु व्यापार करण्यांत खर्च होते, आणि गायकानें तान वर नेली असतां तिच्यासाठीं ती अपुरी पडून आवाज फाटतो. इकडे स्पीकरची गुंडाळी चुंबकाच्या फटींतून बाहेर जाऊं लागते. स्वर डळमळतो, व अति झाल्यास पडदा कायमचा बिघडतो. ज्या पेटीस हवेसाठीं भोंक ठेवलेलें असतें, तिच्यांत अतिमंद कंपनांच्या वेळीं पडद्यास हवेचा आवर राहात नाहीं. म्हणून तेथें धोका अधिक.

उपाय साधे आहेत. पुष्कळ ध्वनिवर्धकांवर ‘सबसॉनिक’ किंवा ‘रंबल’ असें लिहिलेला खटका असतो. तो चालू करावा. त्यानें गाण्याची हानि होईल अशी भीति नको. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्जहि सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा असतो. वीसांच्या खालीं आपल्या संगीताचें कांहींच नाहीं. ‘बास’ विनाकारण वाढवूं नये. वाजविण्याचें यंत्र स्पीकरच्या पेटीवर न ठेवतां भिंतींतील पक्क्या फळीवर ठेवावें. तबकड्या पुस्तकांप्रमाणें उभ्या, थंड खोलींत ठेवाव्या. वांकलेली तबकडी सरळ करण्यासाठीं उन्हांत घालणें म्हणजे रोगच औषध म्हणून देणें होय.

वरील कुटुंबांत एवढ्यानेंच काम झालें. स्पीकरहि राहिले, तबकड्याहि राहिल्या. तेव्हां वाचकांनीं जुनी वस्तु टाकून देण्यापूर्वीं स्पीकरची जाळी काढून पडद्याकडे क्षणभर पाहावें. गाण्याशीं संबंध नसलेलें मंद डोलणें दिसलें, तर प्रथम हा उपाय करावा, आणि मगच दुकानाची वाट धरावी. यंत्र पुन्हां विकत मिळेल. पण वडिलांनीं हौसेनें जमविलेल्या तबकड्या एकदां भंगारांत गेल्या कीं त्या परत घरीं येत नाहींत.