मनाखच्या बाजारातील चेक आणि आपली वही



कुवेत शहरात सूक अल-मनाख नावाचा एक बाजार होता. मनाख म्हणजे उंट बसविण्याची जागा. वाळवंटातून आलेले काफिले जेथे विसावत, त्या ठिकाणी तेलाच्या पैशातून वातानुकूलित इमारत उभी राहिली आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेथे कंपन्यांच्या शेअरांची खरेदी-विक्री सुरू झाली. हा अधिकृत बाजार नव्हता. 1977 मध्ये अधिकृत बाजारातील भाव एकदा घसरले होते, तेव्हा सरकारने पैसा घालून लोकांना सावरले आणि पुढे नियम कडक केले. ज्यांना ते नियम जाचक वाटले, ते मनाखकडे वळले. तेथे बहारीन आणि संयुक्त अरब अमिरातीत नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर विकले जात. त्यांतील कित्येक कंपन्यांचा काही धंदाच नव्हता. लोकांकडून आलेले भांडवल त्या मनाखमध्येच दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरांत घालीत आणि भाव चढला की त्याला आपला नफा म्हणत.

आज हा विषय घेण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. निवृत्तीची रक्कम हाती आली की प्रत्येक घरात एकच प्रश्न निघतो: हे पैसे ठेवावे कोठे, आणि कोणाच्या माहितीवर? 2001 मध्ये साखर उद्योगात स्वेच्छा निवृत्तीची योजना आली, तेव्हा ऊसमळ्यांत राबलेल्या अनेक कुटुंबांच्या हाती आयुष्यात पहिल्यांदाच एकदम मोठी रक्कम आली होती. शिक्षक, पोलीस, नर्स, सरकारी कारकून ह्यांना ती लम्पसम म्हणून मिळते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचे ते फळ, आणि ते पुन्हा मिळत नाही. ही रक्कम बँकेत पोहोचण्याच्या आधीच कोणीतरी दारात येऊन बसतो. बहुधा तो परका नसतो. तो आपल्याच गावचा मुलगा असतो, लग्नात हळदीला आलेला असतो, आणि बोलण्याची सुरुवात ‘मावशी, तुमच्यासाठी म्हणून सांगतो’ अशी करतो. मावशी त्याला चहा देतात आणि कागदावर सही करतात. मुलगा लबाड असेलच असे नाही. त्याला जे सांगितले गेले तेच तो सांगत असतो. पण त्याचे कमिशन मावशींच्या सहीवर अवलंबून असते, आणि ते किती हे मावशी विचारीत नाहीत, कारण विचारणे बरे दिसत नाही.

कुवेतमध्येही असेच होते. तोही छोटा देश, आणि तेथील व्यापारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी. (जाता जाता सांगावेसे वाटते की ह्या घराण्यांची मुंबईशी जुनी ये-जा होती आणि 1961 मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे. आपल्या बेटावर तो नावाने अजून चालतो.) ओळखीच्या माणसाकडे हिशेब मागणे म्हणजे त्याचा अपमान, अशी समजूत तेथे होती. ह्या समजुतीतूनच मनाखची खास पद्धत निघाली, ती म्हणजे पुढच्या तारखेचा चेक.

तिचे गणित प्राथमिक शाळेतील मुलालाही समजेल. आज रोखीने 100 दिनारला मिळणारा शेअर वर्षानंतरच्या तारखेचा चेक देऊन घ्यायचा, तर चेक 150 चा लिहावा लागे, कधी 200 चा, कधी त्याहूनही मोठा. म्हणजे 200 चा चेक दिला असेल तर वर्षभरात भाव दुप्पट झाला तरच घेणाऱ्याची कशीबशी तोंडमिळवणी होणार. तसा तो होत राहिला, कारण प्रत्येकजण मागचा चेक भागविण्यासाठी पुढचा चेक लिहीत होता. चेक लिहिणाऱ्याच्या खात्यात पैसे किती, त्याने आजवर आणखी किती चेक दिले आहेत, हे एकत्र लिहिलेली नोंद कोठेच नव्हती. पासपोर्ट कार्यालयात नोकरी केलेला जासिम अल-मुतावा हा तरुण ह्या बाजारातील सर्वांत मोठ्या व्यवहारकर्त्यांपैकी एक. त्याच्या एकट्याच्या नावावर पुढे 10 अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे चेक निघाले. त्याचा चेक घेणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हातातला एकच चेक दिसत होता.

1982 च्या ऑगस्टमध्ये हा डोलारा कोसळला. कुवेतच्या कायद्याप्रमाणे चेकवर तारीख कोणतीही असो, तो दाखविला की पैसे देणे भाग असे. आपसांतल्या विश्वासावर कोणी तो आधी दाखवीत नसे, इतकेच. तो विश्वास डळमळला, चेक बँकेत गेला आणि परत आला. सरकारने सप्टेंबरमध्ये फर्मान काढले की ज्यांच्याकडे असे चेक असतील त्यांनी ते आणून नोंदवावेत. तेव्हा सुमारे 29,000 चेक जमा झाले आणि त्यांची बेरीज सुमारे 94 अब्ज डॉलर निघाली. त्या वर्षी कुवेत देशाचे एकूण उत्पन्न होते सुमारे 22 अब्ज डॉलर. म्हणजे साऱ्या देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या चौपटीहून जास्त रकमेची वचने काही हजार लोकांनी एकमेकांना देऊन ठेवली होती.

आम्हांला ह्या हकिकतीत सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वाटते ती ही बेरीज. ती करण्यासाठी एक कचेरी, काही कारकून आणि वह्या एवढेच लागले. हे काम दोन वर्षे आधीही करता आले असते, पण ज्यांचा धंदा चढत्या भावावर चालला होता त्यांना बेरीज नको होती आणि बाकीच्यांना ती मागण्याचे सुचले नाही. ह्या चेकांची वजाबाकी करून कोण कोणाचे किती देणे लागतो हे ठरविण्यासाठी 1982 मध्येच कुवेत क्लिअरिंग कंपनी स्थापन झाली. आज तीच कंपनी तेथील शेअरबाजाराच्या व्यवहारांची आणि मालकीची नोंद ठेवते. 1983 मध्ये अधिकृत बाजाराची नव्याने घडी बसविण्यात आली, आणि बाजारावर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा मात्र 2010 मध्ये झाला. इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न कुवेतकरांनी विचारावा. आपणांकडे आपले प्रश्न पुरेसे आहेत.

कोणी म्हणेल, ती अरब श्रीमंतांची गोष्ट, तिच्याशी आपला काय संबंध? तर मग मुंबईकडे पाहा. 1992 च्या एप्रिलमध्ये पत्रकार सुचेता दलाल ह्यांनी टाइम्स ऑफ इंडियात जे प्रकरण उघड केले, ते हर्षद मेहता ह्याच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. त्यात शेअरांच्या चढत्या भावाची कथाच लोकांच्या जास्त लक्षात राहिली. पण मूळ दोष सापडला तो दोन वह्या शेजारी ठेवल्यामुळे. स्टेट बँकेच्या पुस्तकात जे सरकारी रोखे होते, ते रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयाच्या नोंदीत नव्हते. हजारो माणसे मेहताचे भाकीत ऐकण्यासाठी धावत होती, तेव्हा खरी माहिती दोन रजिस्टरांतील फरकात पडून होती.

आणि आपल्या बेटावर? 2015 च्या एप्रिलमध्ये ब्रामर बँकेचा परवाना रद्द झाला आणि पाठोपाठ ब्रिटिश अमेरिकन इन्शुरन्सचा कारभार सरकारनियुक्त प्रशासकाकडे गेला. ‘सुपर कॅश बॅक गोल्ड’ हे नाव आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. त्या योजनेत हजारो लोकांनी पैसे ठेवले होते आणि त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ होती. ही कंपनी अंधाऱ्या खोलीत चालणारी नव्हती. तिच्याकडे परवाना होता आणि रस्त्यावर पाट्या होत्या. म्हणून ‘परवाना आहे ना, मग झाले’ असे म्हणून भागत नाही. विमाधारकांच्या पैशाचा मोठा भाग त्याच समूहाच्या इतर कंपन्यांत गुंतलेला होता. मनाखच्या कंपन्या एकमेकींचे शेअर घेत होत्या, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. समूहातील एक भिंत पडली की बाकीच्या का पडतात, ह्याचे उत्तर ह्यातच आहे.

मग साध्या माणसाने माहिती कोठे शोधावी? आमच्या मते पहिला प्रश्न ‘माहिती काय आहे’ हा नसून ‘ती कोण देतो आणि मी पैसे घातले तर त्याला काय मिळते’ हा आहे. एजंटाचे रंगीत पत्रक, बँकेच्या काउंटरवरील गोड सल्ला, व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘अमक्याने सहा महिन्यांत दुप्पट केले’ हा निरोप, ह्या सर्वांना विक्रेत्याचे बोलणे समजावे. ते खोटे असेलच असे नाही, पण तो पुरावा नव्हे. विकण्यात ज्याचा लाभ नाही अशा ठिकाणची नोंद वेगळी असते. फायनान्शियल सर्व्हिसेस कमिशन कोणाला कोणत्या कामाचा परवाना दिला आहे ते प्रसिद्ध करते आणि ज्यांच्यापासून सावध राहावे त्यांच्याबद्दल इशारेही देते. ठेवी घेण्याचा अधिकार कोणाला आहे हे बँक ऑफ मॉरिशसकडून कळते. परवाना विम्याचा आहे की ठेवी घेण्याचा, हे शब्द नीट वाचावेत, कारण लोक परवान्याची चौकट पाहतात, मजकूर पाहत नाहीत.

स्टॉक एक्स्चेंज ऑफ मॉरिशस 1989 मध्ये सुरू झाले. तेथे नोंदलेल्या कंपन्यांना आपले हिशेब ठरलेल्या वेळी जाहीर करावे लागतात, आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत. शेअर घेतले असतील तर ते खरोखर आपल्या नावावर आहेत की नाहीत हे सेंट्रल डिपॉझिटरीच्या पत्रकात पाहता येते. दलालाचा कागद आणि डिपॉझिटरीचे पत्रक, हे दोन्ही शेजारी ठेवून जुळवावेत. स्टेट बँकेने जे उशिरा केले, ते आपण महिन्याच्या महिन्याला करू शकतो.

वार्षिक अहवाल पाहून पुष्कळांना धडकी भरते. शंभर-दीडशे पाने, इंग्रजी मजकूर, पुढे अध्यक्षांचा हसरा फोटो. आमची सूचना अशी की फोटो आणि भाषण सोडून द्यावे व मागची पाने उघडावीत. लेखापरीक्षकाचा अभिप्राय वाचावा. त्याने काही अट किंवा शंका लिहिली असेल तर तेथेच थांबावे. त्यानंतर संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांचे टिपण शोधावे. कंपनीने आपल्याच संचालकांना, आपल्याच भगिनी कंपन्यांना किती पैसे दिले आहेत ते त्यात लिहिलेले असते. आणि नफा दाखविला असेल तर रोख पैसा खरोखर आत आला का, हे रोख प्रवाहाच्या तक्त्यात पाहावे. मनाखमधील कंपन्यांचा ‘नफा’ ह्या एका तक्त्यापुढे टिकला नसता.

आता वहीविषयी. आपल्या घरांत दुकानाच्या उधारीची वही असते, लग्नातील आहेराची यादी वीस वर्षे जपून ठेवलेली असते, पण कुटुंबाचे पैसे कोठे कोठे आहेत हे बहुधा एकट्या वडिलांनाच ठाऊक असते. ते गेले की मुले कपाटातील कागद चाळीत बसतात. साधी शंभर पानी वही घ्यावी. केव्हा, कोठे, किती ठेवले, फी किती कापली, मुदत केव्हा संपते, वाटेत पैसे काढले तर काय कापले जाईल, आणि पैसे ठेवताना काय सांगितले गेले होते व कोणी, हे सर्व त्यात उतरवावे. हे शेवटचे मुद्दाम लिहावे. दोन वर्षांनी तेच बोलणे आठवणीत वेगळे होते, वहीत होत नाही. वर्षातून एकदा हाती खरोखर किती आले ते मांडून, तीच रक्कम बँकेत मुदतीने ठेवली असती तर किती आले असते हे शेजारी लिहावे. अनेकांना ही दुसरी संख्या पाहून धक्का बसेल. कागदावर वाढलेला भाव वेगळ्या शाईने लिहावा, कारण विकून पैसे खात्यात येईपर्यंत तो आपला नव्हे. मनाखमध्ये 1982 च्या जुलैपर्यंत सर्वजण कागदावर श्रीमंतच होते.

काही वाचक म्हणतील की हे शिकलेल्यांचे काम आहे, आमच्या आईला इंग्रजी अहवाल कसा कळणार? ही अडचण खरी आहे, ती हसून टाळण्यासारखी नाही. पण आज बहुतेक घरांत एस. सी. किंवा एच. एस. सी. च्या वर्गात अकाउंट्स शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. परीक्षेसाठी ती काल्पनिक कंपन्यांचे ताळेबंद सोडविते. तिला घरातील खऱ्या पॉलिसीचा कागद आणि त्या कंपनीचा खरा अहवाल द्यावा, आणि वाचता वाचता तिने मोठ्यांसाठी प्रश्नांची यादी करावी. पुढच्या खेपेस तो ओळखीचा मुलगा आला तर चहा जरूर द्यावा, त्याला खुर्चीही द्यावी, पण यादी त्या मुलीच्या हाती असावी. कमिशन किती, हा प्रश्न तिने विचारला तर कोणी तिला डोळ्यांनी गप्प करू नये.