हिरवा दिवा आणि किंचाळणारा पंचम

बासरी शिकणाऱ्या आमच्या पिढीची एक ठाम समजूत आहे: ट्यूनर ॲपवर हिरवा दिवा लागला की सूर लागला. मीही दोन वर्षं हेच धरून चाललो. पांढरी तीनची बासरी, सा ३३० हर्ट्झच्या आसपास, काटा मधोमध. मग एकदा फोन शेजारच्या खोलीत ठेवून स्वतःचा यमन रेकॉर्ड केला. ऐकताना वाटलं, तीन माणसं आळीपाळीने वाजवतायत. गंधार भरीव, तीव्र मध्यम पातळ, पंचम किंचाळणारा. काटा मात्र प्रत्येक वेळी मधोमध!

ॲप फक्त वारंवारता मोजतं. त्या स्वरात नाद किती आणि नुसती हवा किती, हे त्याला विचारलेलंच नाही. टेस्ट पास होतायत, पण आपण टेस्टच भलत्या गोष्टीची लिहिलीय.

गोची कुठेय बघा. तीव्र मध्यमाला सहाही भोकं उघडी. लगेच पुढच्या पंचमाला सहाही बंद, म्हणजे नळीतला हवेचा स्तंभ क्षणात जवळजवळ दुप्पट लांब, शिवाय स्वर वरच्या सप्तकात चढवायचा. शुद्ध मध्यम, कोमल गंधार यांना अर्धं भोक, त्यामुळे ते आपसूकच फुसके. बांबूचा स्वभावच तो. पन्नालाल घोष यांनी सातवं भोक वाढवलं तेही तीव्र मध्यमासाठीच. ती फट त्यांच्या कानाला बोचली होती. आपण त्या फटीवर रिव्हर्ब ओततो आणि रील टाकतो. (मी तर तिसरी बासरी विकत घेतली. पंचम तिच्यावरही किंचाळला.)

यावर हमखास उत्तर येतं: प्रत्येक स्वराला स्वतःचा रंग असतो. असतो ना! पण तो आपण ठरवून द्यायचा असतो. फुंक आवरत नाही म्हणून आलेल्या पातळपणाला रंग म्हणणं म्हणजे बगच्या तिकिटावर ‘हे फीचर आहे’ लिहून ते बंद करणं.

फोन लांब ठेवा. एका श्वासात, अगदी हळू, गंधार, तीव्र मध्यम, पंचम. पंचमाला जोर वाढवू नका, ओठांची फट बारीक करा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला बोटं कधी पडली ते कळता कामा नये. माझं अजून दहातून सहा वेळा कळतं.