काका, शाळेपर्यंत येता का?

संध्याकाळी कॉलेजहून शिरड शहापूरला परतताना एसटीत हाताला पट्टी बांधलेले एखादे काका दिसतात. डायलिसिस करून आलेले. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला, वर येण्याजाण्याचे हाल. एके काळी हळदीच्या काढणीत दिवसभर राबणारा माणूस, आता घरचे त्याला उठूही देत नाहीत. पाणीसुद्धा मोजून. मन खचणार नाही तर काय?

डायलिसिसवरच्या साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य असतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. पण थकवा, झोप उडणं, जेवण न जाणं ही लक्षणं किडनीचीही आणि नैराश्याचीही. म्हणून ते कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘आजारी माणूस, गप्प बसणारच’ म्हणायचं आणि मोबाइल उघडायचा. आपण सगळेच हे करतो.

खरं तर ‘पडून राहा’ हा सल्लाच अनेकदा चुकतो. इटलीत डायलिसिसच्या रुग्णांना सहा महिने घरच्या घरी चालण्याचा व्यायाम दिला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: सहा मिनिटांत ते आधीपेक्षा चाळीसेक मीटर जास्त चालू लागले. काही देशांत डायलिसिस चालू असतानाच खाटेवर पायडल मारायला देतात. व्यायामाने उदासी कमी होते का, यावरचे अभ्यास लहान आहेत, पण बरेचसे ‘होते’ म्हणतात. आणि आपल्या शेजारच्या हैदराबादचे कमल शाह बघा. १९९७ मध्ये, ऐन विशीत किडन्या गेल्या. डायलिसिसवर असतानाच ते पोहत राहिले, पुढे ‘नेफ्रोप्लस’ ही डायलिसिस केंद्रांची साखळी उभी करण्यात त्यांचा वाटा होता.

मात्र उत्साहात घोळ नको. आधी डॉक्टरांना विचारायचं. फिस्टुलाच्या हाताने जड उचलायचं नाही. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली की थांबायचं. डायलिसिस चुकलं असेल तर व्यायामही नाही. गोळ्या आणि समुपदेशन यांच्या जागी व्यायाम नाही, त्यांच्या जोडीला. ‘जगून काय करू’ असं कुणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका, १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. पैसे लागत नाहीत.

बाकी तुमचं काम सोपं आहे. डायलिसिस नसलेल्या दिवशी, ऊन उतरल्यावर काकांच्या दारात जा. ‘तब्येत कशी?’ विचारू नका, ते ऐकून त्यांना वीट आलाय. ‘शाळेपर्यंत येता का?’ म्हणा. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरूनच परत फिराल. चालेल. परवा पुन्हा जा.